नंबर कितीही असो, लेझर मारला की गेला?

लग्न ठरलं किंवा भरतीची जाहिरात निघाली, की चष्मा घालवण्याची घाई सुरू होते. ‘नंबर कितीही असू दे, लेझर मारला की गेला!’ असा दिलासा द्यायला घरातलंच कुणीतरी तयार असतं. डॉक्टरांनी नकार दिला, की ‘त्यांच्याकडे नवीन मशीन नसेल’ हा निष्कर्षही घरातलेच काढतात.

नकार मशीनमुळे येत नाही, वजाबाकीमुळे येतो. चष्मा घालवण्याच्या लॅसिक शस्त्रक्रियेत लेझर कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, काही भाग काढून त्याचा आकार बदलतो. हा पडदा मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन जाड असतो. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. त्यातले सुमारे ११० वरची झडप उचलण्यात जातात, आणि उणे नंबराच्या प्रत्येक डायऑप्टरमागे ढोबळमानाने १५. झडपेखाली किमान २५० उरायलाच हवेत. बरेच सर्जन ३०० धरतात. उणे ८ नंबर असेल, तर ५४०च्या पडद्यात ३१० उरतात, ४८०च्या पडद्यात जेमतेम २५०. नंबर तोच, पण ३०० धरणाऱ्या सर्जनकडून एकाला होकार आणि दुसऱ्याला नकार. यात नवीन मशीन काय करणार?

कॉर्निया शंकूसारखा पुढे येणारा केराटोकोनस असेल, तर लॅसिक नकोच. सुरुवातीला तो साध्या तपासणीत लपून राहतो, म्हणून टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी, टाळू नये. जास्त नंबरासाठी नैसर्गिक भिंग न काढता आत बसवायचं कृत्रिम भिंग, म्हणजे आयसीएल, हा पर्याय काहींना लागू पडतो.

दुसऱ्या टोकाला ‘लेझरने डोळा जळतो’ म्हणणारे. १९८१ साली आयबीएममध्ये रंगस्वामी श्रीनिवासन यांनी सणाच्या जेवणातल्या उरलेल्या टर्कीवर एक्झायमर लेझर चालवला, तेव्हा काप न करपता स्वच्छ आला होता. लॅसिकमध्ये वापरला जाणारा हाच किरण कॉर्नियातच शोषला जातो. मागच्या पडद्यापर्यंत, म्हणजे रेटिनापर्यंत, पोचत नाही.

त्रास होतच नाही, हेही खोटंच. अमेरिकेच्या एफडीएच्या अभ्यासात, आधी डोळे कोरडे नसलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांनी ३ महिन्यांनी कोरडेपणाची तक्रार केली. दिव्याभोवती वलयं दिसण्यासारख्या लक्षणांमुळे रोजच्या कामात फार अडचण आलेले मात्र १ टक्क्याहून कमी होते.

चाळिशीचा चष्मा? नंतरही लागू शकतो. लहानपणापासूनचा आळशी डोळा? लॅसिकने सुधारत नाही. नंबर गेला म्हणून रेटिनाची तपासणी बंद? अजिबात नाही, उणे नंबराचा लांबट डोळा लांबटच राहतो. मोतीबिंदू? लॅसिकने जात नाही. उलट पुढे त्याचं ऑपरेशन करताना कृत्रिम भिंगाचा नंबर काढणं अवघड होतं, म्हणून लॅसिकआधीच्या तपासण्यांची फाइल रद्दीत टाकू नये.