गॉथेनबर्गचे सवंगडी

ईस्ट इंडिया कंपनीचे नाव निघाले की आपल्याला लंडन आठवते. परंतु त्याच नावाची एक कंपनी १७३१ मध्ये स्वीडन देशातही स्थापन झाली होती, आणि तिची जहाजे गॉथेनबर्गच्या बंदरातून मुख्यतः चीनच्या व्यापारासाठी निघत. राजधानी स्टॉकहोम पूर्व किनाऱ्यावर, तर गॉथेनबर्ग पश्चिम किनाऱ्यावर नदीच्या मुखाशी. त्यामुळे या शहराचे तोंड सदैव ब्रिटनकडे राहिले. तिकडून आलेल्या व्यापाऱ्यांबरोबर आणि कारागिरांबरोबर फुटबॉलचा खेळही येथे उतरला. स्वीडनमधील पहिला रीतसर सामना १८९२ मध्ये याच शहरात झाला.

या शहराचा सर्वांत लोकप्रिय संघ म्हणजे आय. एफ. के. गॉथेनबर्ग. त्याच्या नावाची कथा मनोरंजक आहे. १८९५ मध्ये स्टॉकहोममधील दोन शाळकरी मुलांनी एका मुलांच्या नियतकालिकातून आवाहन केले, की देशभरच्या मुलांनी आपापल्या गावी क्रीडामंडळे स्थापावीत. त्या नियतकालिकाचे नाव होते ‘कामरातेन’, म्हणजे सोबती. त्यावरून या मंडळांना ‘सवंगड्यांचे क्रीडामंडळ’ असे नाव पडले, आय. एफ. के. ही त्याच स्वीडिश नावाची आद्याक्षरे होत. गॉथेनबर्गच्या आन्नेदाल या कामकरी वस्तीतील एका उपाहारगृहात ४ ऑक्टोबर १९०४ रोजी काही तरुण जमले आणि त्यांनी या परिवारातील एकोणचाळिसावे मंडळ स्थापन केले. चारच वर्षांत, १९०८ मध्ये, त्यांनी देशाचे विजेतेपद मिळविले. अंगातील निळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या सदऱ्यावरून लोक या संघाला ‘ब्लोव्हित्त’, म्हणजे ‘निळापांढरा’, असेच म्हणू लागले.

त्या काळी स्वीडनमध्ये खेळाबद्दल पैसा घेणे निषिद्ध होते. खेळाडूने दिवसा काम करावे आणि सायंकाळी खेळावे, हा दंडक होता. त्याची किंमत कोणती, हे गुन्नार ग्रेन या खेळाडूच्या चरित्रावरून दिसते. गॉथेनबर्गमध्येच जन्मलेला ग्रेन १९४१ पासून निळ्यापांढऱ्या संघात खेळला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनने सुवर्णपदक जिंकले, त्या संघातही तो होता. पुढच्याच वर्षी तो इटलीतील मिलान संघात व्यावसायिक खेळाडू म्हणून गेला, आणि राष्ट्रीय संघाचे दार त्याला बंद झाले. १९५८ ची विश्वचषक स्पर्धा स्वीडनमध्ये भरली तेव्हा कोठे ते दार उघडले. सदतीस वर्षांचा ग्रेन अंतिम सामन्यात ब्राझीलविरुद्ध खेळला. हौशीपणाचा दंडक अखेर १९६७ मध्ये रद्द झाला.

परंतु दंडक गेला म्हणून तिजोरी भरली असे नव्हे. १९६९ मध्ये देशाचे विजेतेपद मिळविणारा हा संघ १९७० मध्ये अव्वल श्रेणीतून खाली घसरला, आणि १९७७ च्या हंगामापर्यंत त्याला परतता आले नाही. १९७९ मध्ये मंडळाने स्वेन-योरान एरिक्सन या तरुण प्रशिक्षकास पाचारण केले. खेळाडू म्हणून त्याला मोठे नाव नव्हते; गुडघ्याच्या दुखापतीने त्याचा खेळ लवकर संपला होता. त्याची शिकवण साधी, पण कठोर होती. चेंडू प्रतिपक्षाकडे जाताच निकटच्या खेळाडूने त्याच्यावर धाव घ्यावी, दुसऱ्याने त्याची पाठ राखावी, आणि सर्व अकरा जणांनी एकाच दोरीत बांधल्याप्रमाणे पुढेमागे सरकावे. प्रेक्षकांना आरंभी हा खेळ रुक्ष वाटला. मैदानावरची गर्दी ओसरली.

१९८१ च्या शरदात यूएफा चषकाची स्पर्धा सुरू झाली. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एकदा आपल्या गावी आणि एकदा त्याच्या गावी खेळावयाचे, अशी तिची रीत होती. गॉथेनबर्गचे बहुतेक खेळाडू अद्याप अन्य नोकरीधंदा सांभाळून खेळत होते, आणि मंडळ दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभे होते. स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या सामन्याच्या प्रवासासाठी चाहत्यांच्या संघटनेकडून कर्ज काढण्याची पाळी आली. त्या उसन्या पैशावर गेलेला संघ २-२ अशी बरोबरी साधून परतला आणि घरच्या मैदानावर २-० ने जिंकला. पुढे जर्मनीच्या कायझर्सलाउटर्नलाही त्याने नमविले. मे १९८२ मध्ये अंतिम फेरीत गाठ पडली ती हॅम्बर्गच्या बलाढ्य संघाशी. गॉथेनबर्गमध्ये १-० असा निसटता विजय मिळाला, तेव्हा हॅम्बर्गकरांना चषक आपलाच वाटला असल्यास नवल नाही. परंतु १९ मे रोजी त्यांच्याच मैदानावर पाहुण्यांनी ३-० असा विजय मिळविला. संपूर्ण स्पर्धेत एकही सामना न हरता चषक स्वीडनमध्ये आला.

एरिक्सन लगेच पोर्तुगालला गेला. मागे राहिली त्याची पद्धत. १९८७ मध्ये गुंडर बेंग्टसन याच्या मार्गदर्शनाखाली संघाने हाच चषक पुन्हा जिंकला, तोही अपराजित राहून. युरोपीय क्लबांचा असा चषक स्कँडिनेव्हियातील अन्य कोणत्याही पुरुष संघास मिळविता आलेला नाही. १९८२ ते १९९६ या पंधरा वर्षांत संघाने दहा वेळा देशाचे विजेतेपद पटकाविले. १९९४ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या गटात बार्सिलोना आणि मँचेस्टर युनायटेड या दोघांनाही घरच्या मैदानावर हरवून त्याने प्रथम स्थान मिळविले.

त्यानंतर वारे बदलले. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बोसमन खटल्यात निकाल दिला, की करार संपलेला खेळाडू मोबदल्याविना दुसऱ्या संघाकडे जाऊ शकेल, आणि युरोपीय संघातील देशांच्या नागरिकांवर संख्येचे बंधन घालता येणार नाही. खेळाडूंना न्याय मिळाला. परंतु लहान देशांतील गुणी तरुण धनाढ्य संघांकडे अधिकच वेगाने ओढले गेले. दूरचित्रवाणीच्या उत्पन्नाने ही दरी रुंदावली. १९९६ नंतर निळ्यापांढऱ्या संघाच्या वाट्यास आलेले देशाचे विजेतेपद म्हणजे २००७ चे, एकंदर अठरावे.

मग धनिकाच्या हाती संघ सोपवून का देऊ नये? इंग्लंडमध्ये तसे घडले. स्वीडनने मात्र वेगळा मार्ग धरला. क्लबाने व्यवसायासाठी कंपनी काढली, तरी तिच्यातील मतांचे बहुमत सभासदांच्या मंडळाकडेच असले पाहिजे, असा तेथील क्रीडा महासंघाचा नियम आहे. तो बदलण्याचा प्रश्न २०१३ मध्ये निघाला, तेव्हा चाहत्यांच्या संघटनांनी देशभर आग्रह धरला आणि नियम टिकला. वर्गणी भरणारा साधा सभासद वार्षिक सभेत उभा राहून कार्यकारी मंडळाला जाब विचारू शकतो, आणि त्याचे मत श्रीमंताच्या मताइतकेच मोजले जाते.

या नियमामुळे चषक मिळत नाहीत, कदाचित दुरावतातही. परंतु ज्यांच्या उसन्या पैशावर संघ व्हॅलेन्सियाला गेला, ते केवळ तिकीट काढणारे गिऱ्हाईक नव्हते. संघ त्यांचा होता, म्हणूनच अडचणीच्या वेळी हाक त्यांना गेली. दोन शाळकरी मुलांनी सुचविलेला ‘सवंगडी’ हा शब्द या मंडळाने नावात राखला आहे; तो व्यवहारातही राखावयाचा, तर मैदानावरील यशाची थोडी किंमत मोजावी लागते. गॉथेनबर्गच्या सभासदांनी ती आजवर मोजली आहे.