गरनाता फिरताना: गाईड काय सांगतो, काय विचारावे लागते

स्पेनमधले ग्रॅनाडा, म्हणजे आपल्या उर्दू पुस्तकांतले गरनाता, आजही विद्यार्थ्यांचे शहर आहे. कुर्तुब्याचे नाव इक्बालमुळे आपल्या घरांत पोचले. गरनाता म्हटले की फक्त अलहम्ब्रा आठवतो. तो बघायलाच हवा. पण शहराची खरी गोष्ट खाली चौकांत आणि गल्ल्यांत आहे, ती पायीच फिरून कळते.

पायी सहली दोन प्रकारच्या. एक 'फ्री टूर': नाव नोंदवून जायचे, शेवटी गाईडला मनाला येईल ते द्यायचे. नाव फुकटचे असले तरी त्याची कमाई तीच, तेव्हा हात आखडू नका. दुसरी ठरलेल्या पैशांची. कुठलीही घ्या, प्रश्न मात्र आपले घेऊन जा.

पहिला प्रश्न राणी इसाबेलच्या चौकात. तिथे कोलंबस राणीसमोर आपली योजना मांडताना दिसतो. मारियानो बेनल्युरे यांचे हे शिल्प १८९२ चे, म्हणजे शहर पडल्यानंतर बरोबर चारशे वर्षांनी बसवलेले. गाईड अमेरिकेकडे वळतो. आपण विचारावे, शहर ताब्यात देताना करार काय झाला होता? २ जानेवारी १४९२ रोजी अबू अब्दुल्लाहने किल्ल्या दिल्या, त्या कराराच्या भरवशावर. मुसलमानांचा दीन, मशिदी आणि शरियत शाबूत राहतील, असे त्यात लिहून दिले होते. दहा वर्षांत, १५०२ मध्ये, बाप्तिस्मा घ्या नाहीतर देश सोडा, असा हुकूम निघाला.

तिथून चार पावलांवर मदरसा आहे. बाहेरून ओळखूच येत नाही, कारण दर्शनी भाग अठराव्या शतकातला, युरोपियन थाटाचा. सुलतान यूसुफ पहिला याने तो १३४९ मध्ये बांधला. आजचे विद्यापीठ आपला जन्म १५३१ चा सांगते, आणि आता ही इमारत त्याच विद्यापीठाकडे आहे. आत नमाजची खोली आणि मिहराब अजून आहे. घाईच्या सहली दारावरूनच पुढे जातात. आम्ही म्हणू, इथे अर्धा तास काढाच. समोरच्या रॉयल चॅपलमध्ये इसाबेल आणि फर्डिनांड दफन आहेत. विजेते आणि मदरसा, मध्ये एक अरुंद गल्ली.

जवळच बिब-रंबला चौक. नाव अरबीच, बाब अल-रमला, वाळूचा दरवाजा. आज फुलांची दुकाने, कारंजे, चुरो खाणारे लोक. पंधराव्या शतकाच्या अखेरीस कार्डिनल सिस्नेरोसने अरबी किताबांची होळी केली ती याच चौकात, असे सांगतात. वैद्यकाचे ग्रंथ तेवढे वाचवले. ते कामाचे होते ना!

रेआलेखो हा जुना यहुदी मोहल्ला. त्याच्या तोंडाशी यहूदा इब्न तिब्बोनचा पुतळा आहे. बाराव्या शतकातला हा गरनात्याचा विद्वान अरबी ग्रंथ हिब्रूत आणत असे. इथेच भिंतींवर 'एल निन्यो दे लास पिन्तुरास' या नावाने चित्रे काढणाऱ्या कलावंताचे मोठे मोठे चेहरे दिसतात. चित्रांसाठी ही गल्ली उत्तम.

अल्बायसिनच्या चढावर सान साल्वादोर चर्चच्या आत जुन्या मशिदीचे अंगण तसेच उभे आहे. नमाजसाठी थोडे पुढे, सान निकोलासच्या सज्जाजवळ, २००३ मध्ये उघडलेली मशीद आहे. तिच्या बागेतून समोर अलहम्ब्रा दिसतो.

अलहम्ब्राचे तिकीट आधीच काढा. नसरी महालांत शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते, ती चुकली की आत सोडत नाहीत. पासपोर्ट जवळ ठेवा. आणि आत गेलात की गाईडला भिंतीवरची ओळ वाचून दाखवायला सांगा. 'व ला गालिब इल्लल्लाह' पुन्हा पुन्हा कोरलेले आहे. गाईडला नाही जमले, तर तुमचे दहा वर्षांचे पोर वाचेल.