डोंगरउतारावरील पाणी : शेतात मुरवावे, वस्तीच्या माथ्यावर साचू देऊ नये

सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस विपुल पडतो. महाबळेश्वर येथे वर्षाकाठी सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पर्जन्यवृष्टी होते. तथापि याच डोंगररांगांतील अनेक वाड्यांना चैत्र-वैशाखात पाण्यासाठी पायपीट करावी लागते. पावसाळ्यात पाण्याचे भय आणि उन्हाळ्यात पाण्याची वाण, अशा दुहेरी संकटात येथील महादेव कोळी, ठाकर व कातकरी समाज राहतो.

संकटाचे मूळ

येथील काळ्या पाषाणावर मातीचा थर बहुधा पातळ असतो. उतार तीव्र असल्याने पाणी मुरण्यापूर्वीच वाहून जाते व सुपीक माती सोबत नेते. राबासाठी ऐन-किंजळीच्या फांद्या दरवर्षी तोडल्याने उतार अधिकच उघडे पडतात. वरकस जमिनीवरील नाचणी-वरईचे उत्पन्न घटते. मग सुगी संपताच अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात व मुलांचे शिक्षण खंडित होते. मातीची धूप ही अशा रीतीने संसाराचीही धूप ठरते.

शेतातील उपाय

उताराला आडवी नांगरट व पेरणी करावी. समपातळी रेषा आखण्यास बांबूची अ-चौकट पुरेशी आहे. दोन समान पायांना आडवी काठी बांधून शेंड्यापासून दगड लावलेली दोरी सोडावी. दोरी काठीच्या मध्यखुणेवर स्थिरावली, म्हणजे दोन्ही पाय समपातळीत आहेत असे समजावे. या रेषेवर दगडी बांध घालून त्यालगत वाळा लावावा. भाताची रोपे भाजलेल्या राबाऐवजी शेणखत घातलेल्या गादीवाफ्यावर तयार करावीत. बांधावर गिरिपुष्प लावल्यास खाचरासाठी हिरवळीचे खत मिळते आणि रानातील झाडे वाचतात.

वस्तीबाबत दक्षता

शेतास हितकारक असलेला चर वस्तीस घातक ठरू शकतो. वस्तीवरील उतारावर मातीचा थर जाड असल्यास तेथे पाणी मुरविणारे चर खणू नयेत. पाण्याने माती जड होते, तिची पकड सुटते व कडा खचतो. तेथे पाणी अडविण्याऐवजी वळण-चराने नैसर्गिक ओढ्यात सोडावे व हे चर मृगापूर्वी साफ करावेत. घर अथवा रस्ता यांसाठी उताराचा पायथा उभा कापू नये.

पुणे जिल्ह्यातील माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळून दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. रायगड जिल्ह्यातील तळीये येथे २२ जुलै २०२१ रोजी व इरशाळवाडी येथे १९ जुलै २०२३ रोजी तसाच अनर्थ ओढवला. तिन्ही प्रसंगी अतिवृष्टी चालू होती.

धोक्याच्या खुणा

जमिनीस वा भिंतीस नव्या भेगा पडणे, झाडे व खांब कलणे, नव्या जागी पाझर फुटणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, भर पावसात ओढा अचानक आटणे, या खुणा होत. यांपैकी एकही खूण दिसताच उजाडण्याची वाट न पाहता माणसे व गुरे सुरक्षित स्थळी न्यावीत आणि तहसील कार्यालयास वर्दी द्यावी.

ग्रामकार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी गावकऱ्यांसह डोंगराची पाहणी करावी. कोणते पाणी अडवावयाचे व कोणते वाट देऊन सोडावयाचे, याचा निर्णय ग्रामसभेत व्हावा. सुरक्षित स्थळ कोणते, हेही आधीच ठरवून घरोघरी कळवावे.