मिठागर आणि माणसाची कंबर

वसंत ऋतू म्हटला की रसिकांना आंब्याचा मोहोर आठवतो. परंतु पेण-उरणच्या खारपट्ट्यात हेच दिवस मिठाच्या राशी घालण्याचे. परदेशी गेलेली आपली मुले हिवाळ्यात दारातला बर्फ उपसताना कंबर धरून बसतात, असे आपण ऐकतो. येथे तोच प्रकार मिठाच्या फावड्याने होतो. फरक इतकाच की, भुसभुशीत ताजा बर्फ लिटरला सुमारे १०० ग्रॅम भरतो, तर तेवढ्याच मापात मीठ किलोभर तरी बसते.

‘जड उचलले म्हणून कंबर गेली’ असे आपण सर्रास म्हणतो. हे अर्धेच खरे. ओझे शरीरापासून किती लांब धरले, यावर बरेच अवलंबून असते. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवरून ओढ देतात. फावड्यातले ५ किलो मीठ ६० सेंटिमीटर पुढे धरले, तर त्यांना १२ पट, म्हणजे ६० किलोंइतका जोर लावावा लागतो. वाकलेल्या धडाचा भार वेगळाच. तेच अंतर निम्मे केले की जोरही निम्मा होतो. म्हणून एक हात दांड्यावर शक्य तितका खाली, पात्याजवळ धरावा, गुडघे वाकवावेत आणि फावडे अर्धेच भरावे. मजुरी मापावर असेल तर हे सांगणे सोपे, करणे कठीण, हे मी जाणतो. पण अंथरुणाला खिळल्यावर अर्धे फावडेही भरता येत नाही.

पाय रोवून नुसते धड वळवीत मीठ मागे फेकणे सर्वांत वाईट. वाकणे आणि पीळ एकत्र आले की मणक्यांमधल्या चकत्यांना इजा पोचते. वळायचे ते पावलांनी. रात्री झोपेत या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे पहाटे वाकताना त्यांवर ताण अधिक येतो. उन्हाच्या भयाने पहाटेच कामाला लागावे लागते खरे. तरी पहिला तासभर बांधावर चालण्याची, उभ्याने करण्याची कामे घ्यावीत.

डोईवरची पाटी मानेला जाचते, पण ती मणक्याच्या रेषेत असते. कमरेला खरा धोका ती जमिनीवरून डोक्यावर चढेपर्यंत. तेवढ्यापुरता दुसऱ्याचा हात लावून घ्यावा.

साधी उसण बहुधा काही दिवसांत उतरते; हिंडते-फिरते राहावे. परंतु पायातली शक्ती गेली, जांघेत बधिरता आली किंवा लघवी अडली, तर चोळणाऱ्याकडे जाऊ नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.