दिवाणखान्यांतील ‘लकी बांबू’ व त्याचीं घरगुती कलमें

गोंदिया जिल्ह्यांत बांबूचें अप्रूप कोणास असावयाचें? हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून निराळा झाला. येथील रानांतलीं मानवेलीचीं बेटें मात्र त्याहून कितीतरी जुनीं. बुरुडाच्या घरून आलेलें सूप, टोपली आणि परडी यांवांचून येथला संसार उभा राहत नाहीं, आणि अखेरच्या प्रवासासही तोच वेळू सोबत करतो. अशा या प्रांतांतील सुशिक्षित घरांतून हल्लीं कांचेच्या पेल्यांत उभ्या केलेल्या हिरव्यागार कांड्या दिसूं लागल्या आहेत. वास्तुशांत असो कीं वाढदिवस, ‘लकी बांबू’ या नांवानें हें रोप भेट म्हणून येतें; आणि त्याच्याबरोबर घरांत एक वादही येतो. सूनबाई म्हणतात, हें शुभ आहे; आजी म्हणतात, ज्याची तिरडी बांधतात तें माजघरांत कशाला? या वादाचा निकाल व त्या रोपाचीं कलमें करण्याची रीत, हीं दोन्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

निकाल सोपा आहे. ज्याकरितां दोन्ही पक्ष भांडतात, तो बांबू नव्हेच. शास्त्रज्ञ यास ‘ड्रॅसिना सँडेरियाना’ म्हणतात. याचें मूळ स्थान मध्य आफ्रिकेंतील अरण्यें, आणि याचें कूळ शतावरीचें. इंग्लंडांतील प्रसिद्ध रोपवाटिकावाले हेन्री फ्रेडरिक कॉनरॅड सँडर (१८४७–१९२०) यांचें नांव यास मिळालें आहे. खरा बांबू हा गवताच्या कुळांतला. आपल्या कोशकारांस हें पूर्वींच ठाऊक होतें. बांबूस संस्कृतांत ‘तृणध्वज’, म्हणजे गवतांतील ध्वज, असें सार्थ नांव आहे. उलट १९२७ च्या भारतीय वन कायद्यानें याच गवतास वृक्षांत गणलें होतें, आणि वनाबाहेरच्या बांबूपुरती ती व्याख्या सुधारण्यास २०१७ साल उजाडावें लागलें. कायद्यानें गवतास झाड म्हटलें, बाजारानें शतावरीच्या भाऊबंदास बांबू म्हटलें. एकूण वेळूच्या नशिबीं नांवांचा घोटाळा लिहिलेलाच दिसतो.

शुभाची कल्पना चीन देशांतून आली. तेथें तीन कांड्या सुख, संपत्ति व दीर्घायुष्य यांच्या मानतात. चारांची जुडी मात्र देत नाहींत, कारण त्यांच्या भाषेंत ‘चार’ या शब्दाचा उच्चार ‘मृत्यु’ या शब्दाशीं जुळतो. तेव्हां आजींचें भय आणि सूनबाईंची आशा हीं दोन्ही नांवावर उभीं आहेत. रोप मात्र निरुपद्रवी, देखणें व थोडक्यांत तगणारें आहे. आणि एकदां तें घरांत असलें कीं दुसरें विकत घेण्याचें कारण नाहीं.

कलमांस उत्तम काळ पावसाळ्याचा. आमच्याकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि थंडींत रात्रीं १० अंशांच्या खालींही उतरतो. दोन्ही या रोपास सोसत नाहींत. मृगाचा पाऊस स्थिरावला, हवा ओलसर झाली, म्हणजे कामास लागावें.

पहिली रीत बाजूच्या फुटव्याची. कांडीवर फुटलेला, चार-सहा पानांचा, चांगला पोसलेला फुटवा निवडावा. धारदार चाकू उकळत्या पाण्यांत बुडवून पुसून घ्यावा व फुटवा अगदीं कांडीलगत कापावा. खालचीं पानें काढून टाकावीं. पाण्यांत बुडालेलें पान कुजतें व पाणी नासवितें. मग तो दोन बोटें पाण्यांत उभा करावा. तीन ते सहा आठवड्यांत मुळें दिसूं लागतात. त्यांचा रंग नारिंगी-तांबूस असतो. तो पाहून घाबरूं नये, तें निरोगीपणाचें लक्षण आहे. काळीं, बुळबुळीत मुळें मात्र कुजलेलीं समजावीं व कापून टाकावीं.

दुसरी रीत कांडीच्या तुकड्यांची. प्रत्येक तुकड्यास निदान दोन-तीन गाठी असाव्यात, कारण मूळ व डोळा हीं दोन्ही गाठीपाशींच फुटतात. तुकड्याचें खालचें टोक खालींच राहिलें पाहिजे; उलटा लावलेला तुकडा धरत नाहीं. घोटाळा होऊं नये म्हणून वरच्या टोकास मेणबत्तीचें मेण लावावें. त्यानें खूणही होते आणि कापलेल्या जागेंतून ओल उडून जात नाहीं. मूळ कांडी फेकूं नये. कापाच्या खालच्या गाठींतून तीस नवे फुटवे येतात. पिवळी पडलेली कांडी पुन्हां हिरवी होत नाहीं. तेवढा भाग काढून टाकून हिरवा राखावा.

पाणी शक्यतों पावसाचें किंवा विहिरीचें घ्यावें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीननें पानांचीं टोकें करपतात. तें पाणी रात्रभर उघड्या भांड्यांत ठेवल्यास हा दोष बहुतांशीं जातो. फ्लोराइडचा दोष मात्र ठेवल्यानें वा उकळल्यानें जात नाहीं. उन्हाची तिरीप थेट पडूं देऊं नये. खिडकीजवळचा मंद उजेड पुरे.

येथवरचें सारें हौसेचें झालें. आतां जें सांगावयाचें आहे तें घराच्या आरोग्याचें असल्यामुळें विशेष लक्ष देऊन वाचावें. २००१ सालीं चीनमधून अमेरिकेच्या कॅलिफोर्निया प्रांतांत याच रोपांचा माल पाण्यांत ठेवून आला, आणि त्या पाण्याबरोबर अंगावर पांढरे पट्टे असलेला एडीस जातीचा डांसही तेथें उतरला. डेंग्यू पसरविणाऱ्या डांसांपैकीं हा एक होय. जें पाणी समुद्र ओलांडून डांस नेऊं शकतें, तें आपल्या दिवाणखान्यांतही ते वाढवूं शकतें. पाळण्यांतलें मूल ज्या खोलींत निजतें, त्याच खोलींत शोभेचा पेला असतो, हें विसरूं नये.

या डांसाचें अंडें पाण्यांत पडल्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्याचा एक वार ठरवून पाणी बदललेंच पाहिजे. नुसतें ओतून देणें पुरेसें नाहीं. अंडीं पेल्याच्या आंतल्या बाजूस चिकटलेलीं असतात व कोरडीं राहूनही कित्येक महिने जिवंत राहतात. पेला आंतून घासावा, तळाचे रंगीत खडे चोळून धुवावेत. याहून उत्तम उपाय असा, कीं मुळें दोन-तीन बोटें वाढलीं म्हणजे रोप मातींत लावावें. बागेची माती, वाळू व कुजलेलें शेणखत समभाग घ्यावें, कुंडीच्या बुडास भोंक असावें, माती ओलसर ठेवावी पण चिखल करूं नये, आणि कुंडीखालच्या बशींतही पाणी सांचूं देऊं नये. मातींत रोप अधिक जोमानें वाढतें आणि डांसांस जागा उरत नाहीं.

घरांत मांजर वा कुत्रें असल्यास रोप उंचावर ठेवावें. पानें चावल्यास त्यांस ओकाऱ्या होतात.

एका रोपापासून दोन-तीन पावसाळ्यांत शेजारच्या चार घरांस पुरतील इतकीं कलमें सहज होतात. तीं देतांना कांड्या किती हें मोजण्यापेक्षां आठवड्याचा वार सांगून द्यावीं. नांव शुभ असो वा नसो, ज्या घरांत तो वार चुकत नाहीं तेथें हें रोप खचित शुभ आहे. आणि जेथें तो चुकतो, तेथें आजींचें म्हणणें खरें ठरण्यास वेळ लागत नाहीं.