महोत्सवात पाहिले, आपल्या मातीत पेरले

दरवर्षी आपल्याकडे अभ्यास सहली निघतात. गाडी भरते, विद्यापीठाची शिवारफेरी होते, प्लॉट बघून सगळे वाहवा करतात. घरी आल्यावर वहीतले वहीतच राहते. अशा सहली मी स्वतः घेऊन जातो, म्हणून मोकळेपणाने सांगतो. पाहायला जाणारे पुष्कळ, पाहून येऊन पेरणारे थोडे.

आज अशाच एका पेरणाऱ्याची गोष्ट सांगायची आहे. तो शेतकरी नव्हता, सिनेमा काढणारा होता. पण त्याने पेरले ते तुमच्या-आमच्या बांधावरचेच.

२४ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला. चित्रपट महोत्सव म्हणजे काय, तर आपल्या कृषी प्रदर्शनासारखाच प्रकार. देशोदेशीच्या लोकांनी आपापला माल आणून मांडायचा आणि जाणकारांनी तो पारखायचा. त्या वर्षी २३ देशांचे चित्रपट आले होते. प्रेक्षकांत बिमल रॉय नावाचे बेचाळीस वर्षांचे दिग्दर्शक होते. कलकत्त्याहून मुंबईला येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते.

तिथे त्यांनी ‘बायसिकल थीव्ज’ हा इटलीचा चित्रपट पाहिला. व्हित्तोरिओ डी सिका यांनी तो १९४८ साली काढला होता. गोष्ट एवढीशीच. बेकार माणसाला भिंतीवर जाहिराती चिकटवायचे काम मिळते, पण अट अशी की स्वतःची सायकल पाहिजे. बायको घरातल्या चादरी गहाण टाकते आणि सायकल सोडवून आणतात. पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. मग बाप आणि लहानगा पोरगा रोम शहरभर ती शोधत फिरतात. भपकेबाज देखावे नाहीत. रस्ते खरे. बापाचे काम करणारा माणूसही नट नव्हता, कारखान्यातला कामगार होता.

चित्रपट पाहून घरी परततानाच बिमलदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांत चर्चा सुरू झाली, की असा चित्रपट आपण का काढू शकत नाही? इथे दुसऱ्या कुणी इटलीची सायकल उचलून मुंबईत आणली असती. बिमलदांनी तसे केले नाही. त्यांनी बियाणे आणले नाही, पद्धत आणली. म्हणजे खरा रस्ता, साधा माणूस आणि त्याची खरी अडचण. गोष्ट मात्र आपल्याच मातीतली घेतली. सलील चौधरी यांची ‘रिक्षावाला’ ही कथा होती, हृषिकेश मुखर्जी यांनी तिची पटकथा केली. नाव घेतले रवींद्रनाथांच्या ‘दुई बिघा जोमी’ या कवितेवरून. बिमलदांनी स्वतःची कंपनी काढली आणि १९५३ साली तिचा पहिला चित्रपट आला, ‘दो बिघा जमीन’.

दोन बिघे म्हणजे किती? बिघ्याचे माप मुलखागणिक बदलते. बंगाली बिघा धरला तर दोन बिघे म्हणजे जेमतेम २६ गुंठे. तेवढ्या तुकड्यावर जमीनदाराचा डोळा, कारण तिथे गिरणी उभी करायची आहे. शंभू महातो जमीन विकायला नकार देतो. मग कर्जाचा तगादा लागतो. शंभूच्या हिशेबाने देणे ६५ रुपये. किडूकमिडूक विकून तो पैसे जमवतो, तर कागदावर निघतात २३५. त्याने केलेल्या कामाची कुठे नोंदच नाही. कोर्ट तीन महिन्यांची मुदत देते आणि शंभू कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढू लागतो. एवढे करूनही जमीन जाते. शेवटी मूठभर माती उचलायला जातो, तर रखवालदार तीही हातातून टाकायला लावतो.

शंभूचे काम बलराज साहनी यांनी केले. शिकलेसवरलेले गृहस्थ. रिक्षावाला आपल्याला जमेल का, ही धास्ती त्यांना होती. कलकत्त्यात रिक्षा ओढायचा सराव करताना एक बिहारी रिक्षावाला भेटला. चित्रपटाची गोष्ट ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाला, ही तर माझीच गोष्ट. त्याचीही दोन बिघे जमीन जमीनदाराकडे गहाण पडलेली होती. साहनींनी हे आत्मचरित्रात नोंदवले आहे.

१९५४ साली फ्रान्सच्या कान महोत्सवात या चित्रपटाला आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याची दुरुस्त केलेली नवी प्रत इटलीत, व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली गेली. ज्या देशातून पद्धत घेतली, त्याच देशात पीक पोचले म्हणा ना.

आता यातून आपण काय घ्यायचे? पहिली गोष्ट सहलीची. दुसऱ्याच्या प्लॉटवरचे वाण डोळे झाकून आणू नका. तो माणूस पाणी कसे मोजतो, खर्च कसा लिहितो, ते बघा. मग आपली जमीन बघून ठरवा.

दुसरी गोष्ट ६५ आणि २३५ ची. शंभूला लिहिता-वाचता येत नव्हते. आपल्याला येते, तरी व्यवहार तोंडीच! उसनवारी असो, खतवाल्याची उधारी असो की सोसायटीचा हप्ता, पावती घ्या आणि जपून ठेवा. सातबारावरचा बोजा फेडल्यावर कमी झाला का, ते उतारा काढून बघा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवानाधारक सावकाराने हिशेब ठेवून पावती दिलीच पाहिजे. बेकायदा सावकारीत जमीन अडकली असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींना एक विनंती. सुगी आटोपली की एखाद्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणात पडदा लावून हा चित्रपट गावाला दाखवा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तलाठी भाऊसाहेबांना चावडीवर बसायला सांगा. बघा, उताऱ्याला रांग लागते की नाही!