‘मारुत’च्या पहिल्या नमुन्याची प्रतिकृती घडवताना

विमानांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती जोडण्याचा छंद वरकरणी खेळासारखा वाटतो. परंतु एखाद्या जेट विमानाच्या मूळ नमुन्याची, म्हणजेच प्रोटोटाइपची प्रतिकृती करावयास घेतली, की हातोटीबरोबर इतिहासाचीही परीक्षा सुरू होते. ‘एचएफ-२४ मारुत’ हे भारतीय विमान याचे उत्तम उदाहरण होय.

हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये विमान-आरेखनाचा पाया घातला तो मराठी अभियंते डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी. जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्याकडे ते शिकले होते. त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेले ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडाले. पुढे जर्मन आरेखक कुर्ट टँक यांच्याकडे जेट लढाऊ विमानाचे काम सोपविण्यात आले. प्रत्यक्ष विमानापूर्वी त्याच आकाराचे लाकडी ग्लायडर बनवून १९५९ पासून चाचण्या घेण्यात आल्या. १७ जून १९६१ रोजी बंगळुरू येथे सुरंजन दास यांनी ‘मारुत’चा पहिला नमुना आकाशात नेला.

वर्ष आधी ठरवावे

‘मारुत’ हवाई दलात दाखल झाले १९६७ मध्ये. त्याची बहुतेक छायाचित्रे त्यानंतरची, छद्मरंगातली आहेत. मूळ नमुन्यावरची मापनयंत्रे, खुणा आणि रंग यांत चाचण्यांच्या काळात फरक पडत जातो. म्हणून प्रतिकृती कोणत्या वर्षाची, हे आधी निश्चित करून त्याच काळातील छायाचित्रे जमवावीत. अन्यथा १९६१ च्या विमानाला १९७१ चा पोशाख चढतो. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात ‘मारुत’ प्रत्यक्ष पाहता येते. मात्र ते पुढील उत्पादनातले आहे. त्यावरून आकाराचा अंदाज घ्यावा, बारकाव्यांचा नव्हे.

जुळणीतील अडचणी

सुमारे १५.८७ मीटर लांबीचे हे विमान १:७२ या प्रमाणात अवघे २२ सेंटिमीटर होते. या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरची फट म्हणजे खऱ्या विमानात ३६ मिलिमीटरची भेग! अशा दुर्मिळ विमानांचे संच बहुधा मर्यादित संख्येने, रेझिनमध्ये किंवा साध्या साच्यांतून काढलेले असतात. त्यांत भाग अचूक बसविणाऱ्या खुंट्या नसतात, पंखांच्या मागच्या कडा जाड असतात. त्या आतील बाजूने घासून पातळ कराव्या लागतात. खुंट्यांऐवजी प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या आतून चिकटवाव्यात. ‘मारुत’चा सांगाडा पंखांपाशी कमरेसारखा निमुळता होतो. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा अवरोध कमी व्हावा, यासाठीची ही योजना आहे. त्यामुळे येथील सांधा वक्र असतो. गोंद लावण्यापूर्वी प्रत्येक भाग कोराच जुळवून पाहणे अपरिहार्य ठरते. विमान तीन चाकांवर उभे राहते, शेपटीवर बसत नाही ना, हेही सांगाडा बंद करण्यापूर्वी तपासावे. गरज भासल्यास नाकात शिशाचे किंवा लोखंडाचे वजन ठेवावे.

रेझिनची भुकटी श्वासावाटे आत जाऊ नये म्हणून पॉलिशपेपर ओला करूनच घासावा आणि मास्क वापरावा. क्रमांक ४०० पासून आरंभ करून १००० च्या पुढे जावे. धातूचा चकचकीत रंग द्यायचा असेल तर प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. त्याखाली तुकतुकीत काळा थर द्यावा.

धाराशिव जिल्ह्यातील छंदप्रेमींनी हवामानही लक्षात घ्यावे. उन्हाळ्याच्या कोरड्या झळांमध्ये फवाऱ्यातून निघालेला ॲक्रिलिक रंग पृष्ठभागावर पोचण्याआधीच सुकू लागतो आणि खरखरीत बसतो. रंगकाम पहाटे करावे, थर पातळ द्यावेत आणि सुकेपर्यंत प्रतिकृती डब्याखाली झाकावी, म्हणजे धूळ बसत नाही.

मूळ नमुन्याचे उड्डाण हा नेहमीच धोक्याचा प्रयोग असतो. १० जानेवारी १९७० रोजी ‘मारुत’च्याच चाचणी उड्डाणात सुरंजन दास यांचा मृत्यू झाला. १९७१ च्या युद्धात या विमानाने कामगिरी बजावली आणि १९९० मध्ये ते निवृत्त झाले. टेबलावरची बावीस सेंटिमीटरची प्रतिकृती अचूक असावी, हा आग्रह त्यामुळेच निव्वळ हौसेचा राहत नाही. त्या अभियंत्यांच्या आणि वैमानिकांच्या श्रमांची ती नोंद असते.